ऊन किती पाणी पितं?

माठातलं पाणी गार का होतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेत पाठ केलेलं असतं. माठाच्या अंगातून पाझरलेल्या थेंबांची वाफ होते, वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते आणि उरलेलं पाणी गार होतं. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. इंदूरच्या मे महिन्यात कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरणाऱ्यांना बाष्पीभवन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पण ‘किती’ असं कुणी विचारलं, की आपण थबकतो. एका दिवसात, एका चौरस मीटरवरून नेमकं किती पाणी उडतं? हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. खाण बंद पडल्यावर मागे उरलेल्या उघड्याबोडक्या जमिनीचं काय करायचं, तिथे झाड जगेल की गवत, खड्ड्यात साठलेलं पाणी गावाला पुरेल की नाही, हे सगळं या ‘किती’वर ठरतं. भूगोल शिकवता शिकवता मी या प्रश्नात शिरले, आणि आजोळच्या एका वादामुळे त्यात चांगलीच अडकले. त्याबद्दल पुढे सांगते.

मँगनीजचा पट्टा आणि आपण

माझं आजोळ सौंसरकडचं. मध्य प्रदेशात असूनही घराघरात मराठी बोलणारा, संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाड्याच्या या भागात जमिनीखाली जे अतिप्राचीन खडक आहेत, त्यांना भूगर्भशास्त्रात नावच ‘सौसर समूह’ असं आहे. आपल्या आजोळच्या गावाचं नाव जगभरातले भूवैज्ञानिक घेतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि उगीचच ऊर भरून आला!

या खडकांत मँगनीज आहे. पोलाद करायचं तर मँगनीज लागतंच, म्हणून इंग्रजांची नजर इकडे लवकर वळली. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही कंपनी उभी राहिली. तिचाच वारसा १९६२ साली सरकारी भागीदारीच्या ‘मॉइल’कडे आला. तिचं मुख्यालय आजही नागपुरात आहे.

इंदूरकरांनी हे फार लांबचं समजू नये. आपल्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यात काजळीडोंगरी नावाची मँगनीजची जुनी खाण आहे. लुईस फर्मोर या भूवैज्ञानिकाने तिथे सापडलेल्या एका खनिजाला १९०६ साली ‘हॉलंडाइट’ असं नाव दिलं. ‘विंचाइट’ हे दुसरं खनिजही तिथलंच. हॉवर्ड विंच यांना ते तिथे सापडलं, म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. जगातल्या खनिजसंग्रहालयांत या दोन खनिजांच्या पाटीवर झाबुआचं नाव असतं.

खनिज निघून जातं. मागे दोन गोष्टी राहतात. एक म्हणजे खड्डा, आणि दुसरी म्हणजे खड्ड्यातून काढून बाहेर टाकलेल्या दगडमातीचा ढीग. या ढिगात सुपीक माती जवळजवळ नसते. सेंद्रिय अंश नाही, जीवाणू नाहीत, आणि पाणी धरून ठेवणारे बारीक कणही थोडेच. पावसाळ्यात पाणी वरून वाहून जातं नाहीतर खाली निथळून जातं, आणि उन्हाळ्यात ढीग तव्यासारखा तापतो.

गुमगावचा ढीग हिरवा कसा झाला

या ढिगांवर काहीच उगवत नाही असं समजायचं कारण नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने सावनेर तालुक्यात, खाप्याजवळच्या गुमगाव खाणीवर हे करून दाखवलं. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. त्यांनी ढिगात साखर कारखान्यातला प्रेसमड मिसळला. उसाचा रस गाळल्यावर उरणारा हा गाळ कारखान्याला अडगळ, पण सेंद्रिय अंशाने भरलेला. त्याच्या जोडीला नत्र धरून ठेवणारे रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जीवाणू, आणि मुळांशी मैत्री करून दूरचं पाणी आणि स्फुरद खेचून आणणारी मायकोरायझा ही बुरशी. मग साग, शिसू, कडुनिंब अशी झाडं लावली आणि ती तिथे वाढली.

यात जीवाणूंचं कौतुक सगळे करतात, आणि ते रास्तच आहे. पण मला त्यातला पाण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रेसमड मिसळल्याने ढिगाची पाणी धरून ठेवायची ताकद वाढते. आपल्या हवामानात झाड मरतं ते बहुतेक वेळा पावसाळ्यात नाही, तर पावसाळा संपल्यानंतर. चार महिन्यांत मिळालेल्या पाण्यावर त्याला पुढचे आठ महिने काढायचे असतात. म्हणजे प्रश्न सरळ जमाखर्चाचा आहे. मातीत जमा किती, आणि उन्हाने रोज खर्च किती?

खर्च मोजायचा कसा

बाष्पीभवन मोजायचा खटाटोप जुना आहे. धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅली यांनी १६८७ साली भांड्यातल्या खाऱ्या पाण्याचं किती वजन कमी होतं ते मोजलं, आणि त्यावरून भूमध्य समुद्रातून रोज किती पाणी उडत असेल याचा अंदाज बांधला. १८०२ साली जॉन डाल्टन यांनी सांगितलं, की पाण्याच्या पृष्ठभागाजवळची आणि वरच्या हवेतली ओल यांत जितका फरक जास्त, तितकं बाष्पीभवन जास्त, आणि वारा ते आणखी वाढवतो. दोरीवरचे कपडे वारं असलेल्या दिवशी पटकन वाळतात, ते यामुळेच.

१९४८ साली इंग्लंडमध्ये हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, वारा, तापमान आणि दमटपणा हे चारही घटक एका सूत्रात बसवले. त्याचंच सुधारलेलं रूप, पेनमन-मॉन्टीथ, आज जगभर वापरलं जातं. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने ते प्रमाण पद्धत म्हणून स्वीकारलं.

मोजायचं साधं साधन म्हणजे बाष्पीभवन पात्र. भारतीय मानकाप्रमाणे ते १२२ सेंटिमीटर व्यासाचं आणि साडेपंचवीस सेंटिमीटर खोल, तांब्याचं असतं, आणि वरून जाळी. जाळी कशाला? तर पक्ष्यांनी आणि जनावरांनी पाणी प्यायलं तर तेही उन्हाच्या खात्यावर जमा होईल, म्हणून!

पण जुन्या खाणीवर कुठली आलीय हवामान वेधशाळा? तिथे कामाला येतं ते जॉर्ज हरग्रीव्ह्ज आणि झोहराब समानी यांचं १९८५ सालचं सूत्र. त्याला फक्त दिवसाचं कमाल आणि किमान तापमान लागतं, आणि त्या अक्षांशावर त्या महिन्यात वातावरणाच्या माथ्यावर किती सूर्यशक्ती पोचते तो आकडा. हा आकडा तयार तक्त्यात मिळतो. सूत्र असं: सरासरी तापमानात १७.८ मिळवा, त्याला कमाल-किमान फरकाच्या वर्गमुळाने गुणा, मग सूर्यशक्तीच्या आकड्याने गुणा आणि शेवटी ०.००२३ ने गुणा. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं.

इंदूरचा मे महिना घेऊ. कमाल ४०, किमान २५. सरासरी ३२.५, त्यात १७.८ मिळवले की ५०.३. फरक १५, त्याचं वर्गमूळ ३.८७. सूर्यशक्ती साधारण १६.२. गुणाकार केला की सव्वासात मिलिमीटर. हा झाला मे महिन्यातल्या एका दिवसाचा खर्च.

आता ऑगस्ट. कमाल २८, किमान २२ धरा. उत्तर पावणेचारच्या आसपास. आणि डिसेंबर, कमाल २७, किमान ११? साडेतीनच्या जवळ. इथे मुलं वर्गात नेहमी चकित होतात. स्वेटर घालायच्या दिवसांतही ऊन ऑगस्टइतकंच पाणी पितं! ऑगस्टमध्ये ढग आणि दमट हवा, डिसेंबरमध्ये कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. थंडी आहे म्हणून पाणी वाचतंय, हा आपला गैरसमज.

या सूत्रात वारा नाही, हे लक्षात ठेवायचं. माळव्यात मे महिन्यात जोराचं वारं सुटतं तेव्हा खरा खर्च याहून जास्त असतो.

बादलीपर्यंतचा हिशेब

एक सोपी गोष्ट मुलांनो, कायमची लक्षात ठेवा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर.

आता ढिगावरच्या रोपाकडे या. लहान रोप असताना पूर्ण हिरव्या रानाइतकं पाणी उडत नाही, साधारण ३० टक्के धरू. म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज १ ते दीड मिलिमीटर. भारी काळ्या मातीत एक मीटर खोलीत रोपाला घेता येईल असं पाणी दीडशे ते दोनशे मिलिमीटर मावतं. खडकाळ ढिगात समजा ५०. पावसाळा संपताना दोन्ही काठोकाठ भरलेले आहेत. ढिगातलं पाणी चाळीसेक दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आसपास संपतं. काळ्या मातीतलं होळीपर्यंत पुरतं. जमीन शेजारशेजारची, पाऊस तोच, पण एका रोपाला दिवाळीनंतर उपास आणि दुसऱ्याला होळीपर्यंत जेवण. प्रेसमड, शेणखत, गाळाची माती यांचं काम हे दोन सणांमधलं अंतर भरून काढायचं.

होळीनंतर मात्र काळ्या मातीचीही पुंजी संपते. मे महिन्यात सव्वासाताच्या ३० टक्के म्हणजे रोज साधारण दोन मिलिमीटर. रोपाच्या आळ्याचं क्षेत्र एक चौरस मीटर धरलं तर रोज दोन लिटर, आठवड्याला चौदा-पंधरा लिटर. म्हणजे आठवड्याला एक बादली! वनखात्यातली जुनी माणसं ‘रोपाला हप्त्याला एक बादली’ म्हणतात, ते सूत्र न मांडताही सूत्राच्या उत्तरापर्यंत पोचलेली असतात. आळ्यावर पालापाचोळा अंथरला की ही बादली आणखी पुरते, कारण मातीच्या उघड्या पृष्ठभागावरून उडणारं पाणी वाचतं.

म्हणूनच पहिल्याच वर्षी ढिगावर सरसकट मोठी झाडं लावून फोटो काढणं मला पटत नाही. आधी गवत. गवताची मुळं वरचा थर बांधून ठेवतात, उन्हाळ्यात ते वाळून झोपी जातं आणि पहिल्या पावसात उठतं. ८ जानेवारी २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने खाणपट्ट्याच्या अटींमध्ये खणलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देणं बंधनकारक करायला सांगितलं. गुरांना चारा मिळावा, झाडंझुडपं आणि प्राणी पुन्हा यावेत, हा त्यामागचा विचार. न्यायमूर्ती बोबडे नागपूरचे, या मँगनीजच्या मुलखाच्या उंबरठ्यावरचे.

खड्ड्यातल्या पाण्याचं भांडण

आता आजोळचा वाद. गावाचं नाव सांगत नाही. गावालगत एक जुना, बंद पडलेला खाणीचा खड्डा आहे, पावसाळ्यात भरणारा. पाण्याचा विस्तार दोनेक हेक्टर. माझ्या मामेभावासह काही जणांच्या संत्र्याच्या बागा वरच्या अंगाला आहेत. त्यांना दिवाळीनंतरच पंप लावून पाणी उपसायचं होतं. त्यांचं म्हणणं, “ताई, उन्हाळ्यात तसंही उडूनच जाते ना पाणी, मंग आपण काऊन नाही घ्यायचं?” खालच्या अंगाला वस्ती आणि सात-आठ विहिरी. तिथली माणसं म्हणत होती, खड्डा उपसला की आमच्या विहिरी आटतात. कुणाचं खरं? ग्रामसभेत आवाज चढले होते, दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं.

मी एवढंच सुचवलं, की खड्ड्याच्या कडेला खडकावर रंगाने पट्टी आखा आणि पंप न लावता आठवडाभर पातळी बघा. जानेवारीचा महिना होता. पाऊस नाही, नाल्याचं येणारं पाणी नाही. शाळेतल्या दोन मुलींनी रोज सकाळी आठला नोंद केली. आठवड्यात पाणी सात सेंटिमीटर खाली गेलं.

आता उन्हाचा वाटा किती? जानेवारीत रोज साडेतीन मिलिमीटर, म्हणजे आठवड्याला अडीच सेंटिमीटर. खड्ड्याच्या उंच कडांमुळे सावली पडते, वारा अडतो, म्हणजे खरं तर त्याहूनही थोडं कमी. मग उरलेले साडेचार सेंटिमीटर गेले कुठे? ते खाली गेले, खडकाच्या भेगांमधून. आणि खाली कोण होतं? विहिरी.

दोन हेक्टरवर साडेचार सेंटिमीटर म्हणजे ९० टँकर पाणी. एका आठवड्यात, न दिसता, जमिनीतून झिरपत होतं. सगळंच विहिरींना मिळत असेल असं नाही, पण ‘तसंही उडूनच जाते’ हा मुद्दा निकाली निघाला. ऊन पीत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी जमीन पीत होती.

उलटा हिशेबही मांडला. ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंत महिनेवार बेरीज केली तर ऊन सव्वा ते दीड मीटर पाणी पितं. त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या मार्च-एप्रिल-मे मध्ये. म्हणजे बागवाल्यांच्या बोलण्यातही तथ्य होतं, पण ते उन्हाळ्यापुरतं. शेवटी ठरलं ते असं: जानेवारीअखेरपर्यंत उपसा नाही. फेब्रुवारीत विहिरींची पातळी बघून ठरावीक तासच पंप. आणि मे महिन्यासाठी गुरांचं आणि ढिगावरच्या नव्या रोपांचं पाणी आधी बाजूला. मामेभाऊ खूश नव्हता. “ताई, तू आमच्या बाजूची की त्यांच्या?” असं त्याने जेवताना विचारलंच. मामीने त्याच्या पानात भाकरी वाढत उत्तर दिलं, “ते पट्टीच्या बाजूची हाये.”

एक गोष्ट मी त्या सगळ्यांना आवर्जून सांगितली, ती तुम्हालाही सांगते. ऊन फक्त पाणी नेतं, क्षार नेत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यातलं पाणी कमी होतं तसे त्यातले विरघळलेले पदार्थ दाट होत जातात. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. म्हणून खाणीतलं पाणी प्यायला वापरायचं असेल, तर तपासणी पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात पुन्हा, अशी दोनदा हवी.

इतरांनी काय केलं

गोव्यात साखळीला लोहखनिजाची जुनी खाण आहे. तिथल्या ढिगांवर आणि खड्ड्यांभोवती झाडी, बांबू, फुलपाखरांची बाग उभी राहिली आणि खड्ड्यातल्या पाण्यात मासे वाढवले गेले. कोकणपट्टीचा धो धो पाऊस आणि दमट हवा असल्याने तिथे जमा जास्त, खर्च कमी. तोच नमुना उचलून झाबुआत ठेवला तर चालणार नाही. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सने कोळशाच्या खाणीजवळ लोकमान्य टिळकांच्या नावाने उद्यान केलं. २०१६ पासून तिथे खाणपर्यटनही सुरू झालं. नागपूरला नातेवाइकांकडे गेलात तर मुलांना जरूर दाखवा.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या किडस्टन या सोन्याच्या खाणीवर ढिगांवर मातीचं असं पांघरूण घातलं, की पावसाळ्यात ते पाणी साठवेल आणि कोरड्या दिवसांत झाडं आणि ऊन ते परत घेतील, म्हणजे खालच्या आम्लधर्मी दगडापर्यंत पाणी पोचणारच नाही. तिथे बाष्पीभवन शत्रू नाही, चौकीदार आहे. पांघरूण किती जाड हवं, ते मात्र याच हिशेबावर ठरतं.

आणि आपल्या इंदूरजवळ, ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते सौर पटल बसवले आहेत. वीज तर मिळतेच, शिवाय पटलांच्या सावलीखालचं पाणी कमी उडतं. खाणींच्या मोठ्या तळ्यांवरही उद्या हे करता येईल.

सुट्टीतला उद्योग

हे सगळं वाचून सोडून देऊ नका. गच्चीवर एक रुंद परात ठेवा, वर जाळी किंवा जुनी चाळण बांधा, आणि सकाळी ठरलेल्या वेळी पट्टीने पाण्याची खोली मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. मोबाइलवर दिवसाचं कमाल-किमान तापमान मिळतंच. सूत्राने उत्तर काढा आणि ताडून बघा. परातीचा आकडा सूत्राच्या दीडपट आला तरी दचकू नका. तापलेल्या धातूच्या कडा पाणी जास्त उडवतात. म्हणून तर वेधशाळेतही पात्राच्या आकड्याला ०.७ किंवा ०.८ ने गुणून तळ्याचा अंदाज काढतात.

आठ दिवसांच्या नोंदी झाल्या की त्या वहीत लिहून ठेवा, शेजारी तारीख आणि वारा होता की नव्हता तेही. तुमच्या गावाकडे, आजोळी, कुठेतरी मुरमाची, दगडाची किंवा मँगनीजची जुनी खाण असेलच. पुढच्या वेळी गेलात की काठावर उभं राहून कुणाला तरी विचारा, की दिवाळीला पाणी कुठे होतं आणि होळीला कुठे असतं. त्या दोन खुणांमधलं अंतर आणि तुमच्या वहीतला आकडा शेजारी ठेवलात, तर ते पाणी कुणाचं आहे याबद्दल बरंच काही कळेल.